दोन रंगांचं तेल

१ फेब्रुवारी

पान्या,

आशीर्वाद मागाहून, आधी काम. हे पत्र कंपनीतून लिहितेय आणि तुझं उत्तरही कंपनीच्याच पत्त्यावर पाठव. घरी नको, आणि फोन तर मुळीच नको. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्याकडे सध्या त्या भिंतीला टेकून तुझे दाजीच बसलेले असतात, हात गळ्यात अडकवून. दोन खोल्यांच्या घरात बोलणार कुठे?

ते सायकलवरून पडले हे तुला कळलंच आहे. पंधरा जानेवारीला, रविवारी सकाळी टेकडीवर गेले आणि दुपारी त्या चष्मेवाल्या मित्राच्या गाडीतून परत आले, गळपट्टीचं हाड मोडून. मला सांगितलं, कुत्रं आडवं आलं. डॉक्टरांना सांगितलं, खडीवर चाक घसरलं. ऑफिसच्या साहेबांशी फोनवर बोलताना मी स्वयंपाकघरातून ऐकलं, तर जिन्यावरून पडलो म्हणाले. एका हाडाच्या तीन गोष्टी. खरं बोलणाऱ्याला एवढी मेहनत पडत नाही.

मी गेली अठरा वर्षं औषधाच्या बाटल्यांची झाकणं तपासते. पट्ट्यावरून बाटली समोरून गेली की झाकण सैल की घट्ट हे मला नुसतं बघून कळतं. या माणसाचं झाकण सध्या सैल आहे.

सायकल गॅलरीत, चादरीखाली. मी चादर उचलून पाहिली तर लख्ख पुसलेली. टेकडीवर पडलेल्या सायकलला जरा तरी माती नको? पुढच्या चाकाखाली जुना पेपर अंथरलेला, तो पहिले चार दिवस रोज स्वतः बदलायचे, एका हाताने, मी पुढे झाले तर "राहू दे, राहू दे." तो चष्मेवाला पूर्वी चहाशिवाय जायचा नाही, आता खालूनच हॉर्न वाजवतो. मला वाटतं हे त्या दिवशी टेकडीवर नव्हतेच. मग कुठे होते आणि कुणाबरोबर, हे मला कळायला हवं.

जानेवारीच्या सुरुवातीला त्या सायकलचा पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा फोर्क तूच सर्व्हिस करून पाठवला होतास. तूच म्हणायचास ना, की आतलं तेल बघितलं की सायकल किती चालली ते कळतं? मग तो घरी कसा उघडायचा ते मला लिहून पाठव. मी उघडून बघणार आहे.

तुझी
ताई

—

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. दाजींवर संशय? अगं, त्या माणसाला साधी पत्त्यांत लबाडी जमत नाही. दुखण्यात माणूस काहीही बोलतो. कुत्रंही आलं असेल आणि खडीही असेल. साहेबांना मात्र टेकडी कशी सांगणार, गेल्या वर्षीच त्यांनी सायकलवरून टोमणे मारले होते.

फोर्क उघडायचं मनावर घेऊ नकोस. आत दाबलेली हवा असते, नवशिक्याच्या हातून उडाली तर डोळा जायचा. तुला तेलच बघायचं असेल तर फोर्क काढून माझ्याकडे पाठवून दे, मी बघतो आणि काय ते कळवतो. चष्मेवाल्याला सांगितलंस तर तो दहा मिनिटांत काढून देईल.

इथे सगळं ठीक. कारखान्यातली नोकरी सोडून पाच महिने झाले, मागच्या खोलीत आता पाय ठेवायला जागा नाही इतके फोर्क लटकलेत. सगळी दाजींची कृपा. ते ज्याला त्याला सांगत सुटले, माझ्या मेहुण्यासारखा हात नाही म्हणून. हिलाही आता जरा धीर आलाय. दाजी माझा फोन उचलत नाहीत, पण दुखणं आहे, चालायचंच.

तो पेपर कसला होता? त्याच्यावर डाग होते का? चाकाच्या कोणत्या बाजूला? सहज विचारतोय.

तुझा
पान्या

—

६ फेब्रुवारी

पान्या,

सहज? मी तुला नवऱ्याच्या तीन थापा लिहिल्या, मित्राचं बदललेलं वागणं लिहिलं, आणि तू विचारतोस पेपरचं. तेही कोणत्या बाजूला! तू लहानपणी बरणीतला गूळ खाल्लास की आईला विचारायचास, आज मांजर आली होती का. तुझा तो आवाज मला पत्रातूनही ऐकू येतो.

आणि फोर्क उघडणं धोक्याचं कधीपासून झालं? गेल्या उन्हाळ्यात आमच्याच घरी बसून, ज्याला भाजी चिरता येते त्याला हेही येतं, असं तूच छाती पुढे काढून सांगत होतास. तुम्ही दोघं एका माळेचे मणी आहात, काहीतरी तुला माहीत आहे आणि तू दाजींना सांभाळून घेतोयस. मला वाटलं होतं, या एका बाबतीत तरी तू माझा भाऊ राहशील, त्यांचा मेहुणा नाही.

आता नवीन ऐक. गेल्या गुरुवारी मी कामावर असताना सायकल घराबाहेर गेली होती. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पाहिलं. चष्मेवाला ती गाडीत घालून घेऊन गेला, हे बरोबर गेले, आणि मी यायच्या आत सायकल परत चादरीखाली. संध्याकाळी विचारलं, दिवसभर काय केलंत? म्हणाले, पडून होतो. त्यांच्या बोटांना तेलाचा वास येत होता. पेपरही त्याच दिवसापासून नाहीसा झालाय. डाग विचारत होतास ना, होते. मळकट राखाडी, डाव्या अंगाला. आता तुझं समाधान झालं असेल तर माझं कर.

शनिवारी, अकरा तारखेला, ते खांदा दाखवायला दवाखान्यात जाणार आहेत. मला दोन तास मिळतात. पायऱ्या लिहून पाठव. नाही पाठवल्यास तरी मी उघडणारच आहे, मग डोळा गेला तर तुझ्या माथी.

ताई

—

८ फेब्रुवारी

ती. ताईस,

तू ऐकणार नाहीस, म्हणून लिहितो. चुकीचं उघडण्यापेक्षा नीट उघडलेलं बरं.

सायकल भिंतीला नीट टेकव. पुढचं चाक काढ. फोर्कच्या डाव्या पायाला, म्हणजे चाकाच्या डावीकडच्या नळीला, ब्रेकचा चिमटा आहे, तो दोन बोल्ट सोडून वेगळा कर आणि दोरीने हँडलला बांध. लोंबकळत ठेवू नकोस. आता डाव्या पायाच्या अगदी वर एक टोपण दिसेल. ते फिरवून काढलंस की आत छोटी पिन दिसते. तोंड बाजूला ठेवून ती पेचकसाच्या टोकाने दाब, हवा फुस्स करून जाईल. आवाज पूर्ण थांबेपर्यंत दाबून धर. ही एकच पायरी गंभीर आहे, बाकी सगळं भाजी चिरण्याइतकंच सोपं, हे मी म्हणालो होतो ते खरं.

मग खाली बस. दोन्ही पायांच्या तळाला एकेक बोल्ट आहे. उजवीकडे आधी लाल बटण ओढून काढ, मग बोल्ट दिसेल. पाच नंबरची एलन-की, ती षट्कोनी टोकाची चावी, घे आणि दोन्ही बोल्ट तीन-चार फेरे सैल कर, पण पुरते काढू नकोस. रबरी हातोडीने, नसली तर लाटण्याला फडकं गुंडाळून, बोल्टच्या डोक्यावर एकदा खालून ठोक. आतला दांडा सुटल्याचं हाताला कळतं. खाली दोन वेगळ्या वाट्या ठेव, मग बोल्ट काढ आणि खालचे पाय जरा खाली ओढ. प्रत्येक पायातून जेमतेम दोन चमचे तेल येईल. मी दोन्हीकडे निळं तेल घालतो. टेकडीवर चाललेली असेल तर ते राखाडी झालेलं असेल. न चालवलेली असेल तर निळंच राहील.

एक कर. बोल्ट काढलास की त्याच्या डोक्याखाली एक पातळ गोल वॉशर असतो, नखाएवढा. दोन्ही बोल्टांना तो आहे का, आणि कसा दिसतो, ते बघून मला कळव. विसरू नकोस. नंतर पाय वर सरकव, वॉशरसकट बोल्ट घट्ट कर, आणि तेल, हवा काहीही भरू नकोस. तशा अवस्थेत सायकल कुणी चालवायची नाही. दाजी तरी काय, महिनाभर चालवणार नाहीत.

ताई, काहीही निघालं तरी त्यांना बोलण्याआधी मला लिही.

पान्या

—

१३ फेब्रुवारी

पान्या,

उघडला. भाजीपेक्षा अवघड होतं आणि लाटण्याला टवका गेला, पण उघडला. हवा गेली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, ते तुला सांगून ठेवते.

उजव्या पायातून राखाडी निळं आलं, धुणं झाल्यावरच्या पाण्यासारखं. म्हणजे टेकडीवर जात होते, एवढं तरी खरं. क्षणभर मला लाज वाटली. मग डावा पाय सुटला. त्यातून लाल आलं, पान्या. स्वच्छ, पारदर्शक, लाल. आमच्याकडचं खोकल्याचं औषध असतं तसं. दोन्ही वाट्या शेजारी ठेवून मी बघत बसले. वॉशर दोन्हीकडे होते. उजवीकडचा दबून चपटा झालेला, डावीकडचा कोरा करकरीत.

तू निळं घालतोस. मग लाल कुणी घातलं? त्या गुरुवारी यांनी दुसऱ्या कुणाकडून एकच पाय उघडून घेतला, आणि माझ्यापासून लपवला, आणि बहुतेक तुझ्यापासूनही. नाहीतर तू वॉशर बघायला सांगितलं नसतंस. तुलाही काहीतरी वास आलाय. घरचा माणूस असताना चोरून बाहेर दुरुस्ती कशाला? मला एकच उत्तर सुचतं. त्या दिवशी सायकलवर हे नव्हतेच, किंवा एकटे नव्हते. कुणाला तरी शिकवत होते, चालवायला दिली होती, त्या व्यक्तीला लागलं असेल, ती कोण हे लपवायचंय. तीन थापा उगाच मारत नाही कुणी.

मी तुझं ऐकलं नाही, विचारलं. वाट्या यांच्यासमोर ठेवल्या. "तू त्या सायकलला हात का लावलास?" एवढंच म्हणाले, मोठ्या आवाजात. बावीस वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. मग म्हणाले, मला विचारू नकोस, मी सांगणार नाही. नंतर जेवलेही नाहीत.

मी ठरवलंय. एकोणीस तारखेच्या रविवारी बॅग घेऊन कंपनीतल्या मैत्रिणीकडे जातेय. तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. भांडण नाही, तमाशा नाही. ज्या घरात माणूस तोंडावर सांगतो की मी सांगणार नाही, तिथे मला झोप येत नाही. आईला तू कळव, माझ्याने होणार नाही.

ताई

—

१५ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल अशा बेताने पाठवतोय. मिळालं की लगेच वाच आणि बॅग भरू नकोस.

लाल तेल माझ्यामुळे आहे.

तीन जानेवारीला, मंगळवारी, दाजींचा फोर्क माझ्या टेबलावर होता. सर्व्हिस करताना जुने वॉशर फेकायचे आणि नवे घालायचे असतात, कारण बोल्ट घट्ट केला की तो चपटा होऊन भोक बंद करतो. तो नसला तरी बोल्ट बसतो, घट्टही लागतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. फक्त तेल हळूहळू पाझरतं. आणि डाव्या पायाच्या तळाला लागूनच ब्रेकची चकती असते. तेलकट चकतीवर ब्रेक धरत नाही, ताई. उतारावर पुढचा ब्रेक दाबला आणि काहीच झालं नाही तर माणसाचं काय होतं, ते तुझ्या घरात गळ्यात हात अडकवून बसलंय.

फोर्क पाठवल्यावर दोन दिवसांनी ट्रेच्या कोपऱ्यात एक नवा वॉशर तेलाला चिकटलेला सापडला. मी स्वतःला सांगितलं, जास्तीचा काढला असेल. दाजींना एक फोन केला असता तर संपलं असतं. केला नाही. त्यांनीच चारचौघांत माझं नाव केलेलं, त्यांनाच कसं सांगू की तुमच्याच कामात विसरलो? मग ते पडल्याचं कळलं. मग तुझं पत्र आलं, त्यात तू चाकाखालच्या पेपरचं लिहिलेलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि मी तुला हसून उत्तर लिहिलं.

फोर्क माझ्याकडे पाठव म्हणालो ते यासाठी, की गुपचूप वॉशर घालून परत करावा. तू ऐकेनास तेव्हा पायऱ्या लिहिल्या, तुझ्या डोळ्यांनी माझी चूक तपासून घ्यावी म्हणून. तू लिहिलंस की डावा वॉशर कोरा आहे, तेल लाल आहे, तेव्हा समजलो. दाजींना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ते मला वाचवण्यासाठी थापा मारताहेत आणि मी त्यांना तुझ्यापुढे चोर ठरू दिलं. हिने मला दोनदा सांगितलं, वन्संना खरं कळवा. मी म्हणालो, थांब, बघू.

खोलीत असलेले तीन फोर्क त्याच दिवशी उघडून पाहिले, ठीक आहेत. बाकी जे लोक घेऊन गेलेत तेही ठीकच असतील असं वाटतं.

दाजींचे पाय धरायला येऊ का, तेवढं कळव.

पान्या

—

१८ फेब्रुवारी

पान्या,

तुझं पत्र काल जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच झाकून ठेवला. घरी येऊन ते त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी एका हाताने घडी उघडली, सावकाश वाचलं, परत घडी घातली आणि म्हणाले, "चला, आता त्याला झोप लागेल." त्यांचं सगळं बोलणं एवढंच. बाकीचं मी खोदून काढलं. चष्मेवाल्याने पडल्या जागीच चकतीला बोट लावून पाहिलं होतं. मला वास लागेल म्हणून तोही वर यायचा बंद झाला. गुरुवारी दुकानातल्या मेकॅनिकने बोल्ट काढून दाखवला, वॉशर नाही म्हणून. तेव्हा हे त्याला म्हणाले, घाल एक, तेल भर आणि विसरून जा. ब्रेकचं नाव काढलं असतं तर मी विचारलंच असतं की सर्व्हिस कुणी केली, म्हणून कुत्रं आणि खडी आणि जिना. तुझा फोन का उचलला नाही विचारलं, तर म्हणाले, माझ्या आवाजावरून त्याने ओळखलं असतं. मी म्हटलं, मला तरी सांगायचं. तर म्हणाले, "तुझं तोंड मला माहीत आहे. पोराने नुकता कारखाना सोडलाय, तू त्याला उभा जाळला असतास."

खरं आहे, जाळला असता. बॅग मी परत कपाटावर टाकली. त्यांची माफी मागितली, पण मला अजून त्यांच्याकडे नीट बघता येत नाही. ज्या माणसाने माझ्याच भावासाठी तोंड शिवून घेतलं, त्याच्या बोटांचा वास मी घेत होते.

आता तुझं. वॉशर विसरलास, ते मी समजू शकते. माणूस आहे, विसरतो. पण माझं पहिलं पत्र वाचलंस तेव्हा तुला कळलं होतं. तरी मी दोन आठवडे नवऱ्याच्या पाठीमागे वाट्या मांडत होते आणि तू मला एलन-कीचा नंबर सांगत होतास. ते मला विसरता येईल की नाही, ठाऊक नाही. पाय धरायला येऊ नकोस. त्यांना ते आवडणार नाही आणि मला तर नाहीच नाही.

आणि हे "ठीकच असतील असं वाटतं" म्हणजे काय? वाटतं? आमच्याकडे एक झाकण सैल निघालं तर त्या दिवसाचा अख्खा माल परत बोलावतात. बाजारात गेलेला, दुकानात मांडलेला, सगळा. कंपनीची नाचक्की होते, साहेब लोक डोकं धरून बसतात, तरी बोलावतात. कारण ती बाटली कुणाच्या घरात गेली ते आपल्याला माहीत नसतं. तुला तर एकेकाचं नाव माहीत आहे.

जानेवारीत तुझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला कळव. चूक काय झाली ते सांग, गोलमोल बोलू नकोस. ते सगळं होईपर्यंत मला पत्र लिहू नकोस.

ताई

—

२ मार्च

ती. ताईस,

सगळ्यांना कळवलं, म्हणून लिहितोय.

अकराजण होते. तुझं पत्र मिळाल्यावर पहिला दिवस मी काहीच केलं नाही, नुसता मागच्या खोलीत बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी ही येऊन समोर फोन ठेवून गेली. पहिल्याला सांगताना दोनदा सुरुवात करावी लागली, नंतर सवय झाली. वाक्य पाठच झालं: तुमच्या फोर्कमध्ये एक वॉशर घालायचा माझ्याकडून राहिला असण्याची शक्यता आहे, आणून द्या, तपासून देतो, तोवर सायकल चालवू नका. दोघांनी शिव्या घातल्या. एकाने माझ्या हाती द्यायलाच नकार दिला, दुसरीकडे दाखवतो म्हणाला. त्याने दाखवलं, ठीक निघालं, पण आता तो येणार नाही, आणि त्याच्या ओळखीचेही येणार नाहीत. बाकीच्यांनी आणून दिले. मी प्रत्येकाच्या समोर बोल्ट काढला. नऊच्या नऊ ठीक होते.

ट्रेमध्ये सापडलेला तो वॉशर मी खणात ठेवला होता. परवा बाहेर काढला, का कोण जाणे, आणि कडेला नख लावलं. सुटून दोन झाले, ताई. तेलाने एकमेकांना चिकटलेले. त्या मंगळवारी टेबलावर दोन फोर्क होते, एक दाजींचा आणि एक या गावातल्या नर्सबाईंचा. त्या अकरापैकी त्याच तेवढ्या राहिल्या होत्या. दोनदा फोन लागला नव्हता आणि मी उद्या करू म्हणत होतो.

तसाच उठलो आणि त्यांच्या घरी गेलो. त्यांचं घर चढावर आहे, अगदी वर. सायकल दारातच उभी होती. काही उघडावं लागलं नाही. डाव्या पायाच्या तळाशी बोट लावलं तर ओलं झालं, आणि ब्रेकच्या चकतीवर तेलाची साय. मी सगळं सांगितलं, जसं झालं तसं. मी विचारलं, ब्रेक कसा लागतो? म्हणाल्या, आठवडाभर जरा उशिरा लागतोय, पॅड झिजले असतील, रविवारी सुट्टी आहे तेव्हा दाखवणारच होते.

परवा मंगळवार होता. रोज सकाळी सहाला त्या तोच उतार उतरून दवाखान्यात जातात. मंगळवारी सकाळीही उतरल्या होत्या, आणि रविवारला अजून चार सकाळी होत्या.

तुझा
पान्या